काजबाईंचं प्रेशर

काजबाईंनी स्वतः आयुष्यात कधी कोट घातला नाही, पण शहरातल्या बऱ्याच बड्या लोकांच्या पोटावरची बटणं त्यांच्या मेहेरबानीवर लागत होती. कोट शिवणाऱ्या एका जुन्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, खिडकीपाशी त्यांची खुर्ची. काम एकच, काजं करायची. मशीनचं काज चुटकीसरशी होतं, पण या दुकानाची सगळी ऐट हाताच्या काजावर होती आणि ती ऐट काजबाईंच्या बोटांवर उभी होती. रेशमी दोरा मेणावरून ओढायचा, गरम इस्त्रीखाली मुरवायचा, कापडावर खडूची रेघ मारायची, धारदार पात्याने ती कापायची, आणि मग कापलेल्या कडेने टाक्याला टाका लावत, प्रत्येक टाक्याला गाठ देत वळसा पुरा करायचा. झालेल्या काजावरून बोट फिरवलं तर बारीक मण्यांची माळ लागावी.

यात भीतीची गोष्ट एकच. शिलाई उसवता येते, काज उसवता येत नाही. कापलं की कापलं. पुरुषाच्या कोटाला काज डाव्या बाजूला असतं, बाईच्या कोटाला उजव्या. म्हणून पातं उचलण्याआधी काजबाई कोट दोन्ही हातांनी समोर धरायच्या, जणू आत माणूस उभा आहे, आणि त्या माणसाचा डावा हात कुठला ते मनाशी पक्कं करायच्या. कधी त्या न दिसणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोलायच्याही. 'पोट आत घ्या हो,' असं काहीतरी.

दुकानाचे मालक आणि कटिंग मास्टर एकच होते. त्यांच्या ओठांत सदानकदा टाचण्या, त्यामुळे सगळा कारभार हुंकारांवर चालायचा. 'हं' म्हणजे ठीक. 'हंहं' म्हणजे उसवा. टाचण्या काढून ते बोलायला लागले तर समजायचं, प्रकरण गंभीर आहे. खालच्या दुकानाला आग लागली तेव्हा त्यांनी टाचण्या काढल्या होत्या, आणि मुलीचं लग्न ठरलं तेव्हा.

काजबाईंचे यजमान एका जुन्या, मोठ्या ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट चालवायचे. दिवसभर माणसं वर न्यायची आणि खाली आणायची, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना मजल्यांमध्येच कळायची. भाजी महागली की कांदे वरच्या मजल्यावर गेले. राग आला की 'मी आत्ता गच्चीवर आहे, माझ्याशी बोलू नकोस.' त्यांना स्वतःला ब्लडप्रेशर होतं, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून घेतलेलं, दंडाला पट्टा बांधायचं यंत्र ही त्यांची फार आवडती वस्तू होती. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ते यंत्र मांडून बसले की शेजारपाजारची माणसं बाह्या वर करून यायची. लिफ्टवाले आकडा वाचायचे आणि परीक्षेचा निकाल लावावा तसा निकाल लावायचे. त्यांचा स्वतःचा वरचा आकडा गोळ्या खाऊनही दीडशेच्या खाली क्वचित यायचा, म्हणून दीडशे हा त्यांच्या लेखी फर्स्ट क्लास. काजबाईंचा शंभराच्या आतबाहेर.

"शहाण्णव," ते मान हलवून म्हणायचे. "काठावर पास. अगं, खात जा जरा."

खालच्या मजल्यावर त्यांची मोठी बहीण एकटी राहायची. काजबाई तिला वन्सं म्हणायच्या. वन्संची जीभ सुईहून टोकदार होती आणि भावजयीला दिवसातून एकदा टोचल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. पण काजबाईंना साधी शिंक आली तरी सगळ्यात आधी जिना चढून यायच्या त्याही वन्संच, आणि दारातूनच विचारायच्या, झालं का नाटक सुरू?

दुखणं आलं ते बोटांतून. एका थंडीत काजबाईंची बोटं टोकांकडून पांढरी पडायला लागली, खडूसारखी. मग निळी, मग लाल. चहाचा कप दोन्ही हातांत धरून त्या बसायच्या आणि रंग परतला की सुई उचलायच्या. दुकानातला इस्त्रीवाला म्हणायचा, बाईंनी हातात सिग्नल बसवून घेतलाय. मग हात सुजले. सूज उतरली, पण कातडी ताणलेलीच राहिली, तुकतुकीत, चिमटीत न येणारी. आधी बोटं, मग मनगटं, दंड, मग चेहरा. कपाळावरच्या आठ्या गेल्या, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या गेल्या. बायका विचारायला लागल्या, क्रीम कुठलं लावता? वन्संनी विचारलं, या वयात तोंडाला इस्त्री मारून घेतलीस की काय? काजबाई हसल्या. हसताना तोंड पूर्वीइतकं उघडत नाही हे दोघींच्याही एकाच वेळी लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी वन्संनीच त्यांना मोठ्या इस्पितळात नेलं. लिफ्टवाले अर्धा दिवस रजा टाकून मागोमाग आले.

तिथल्या संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंनी हात उलटेपालटे करून पाहिले, रक्त तपासलं आणि नाव सांगितलं, स्क्लेरोडर्मा. शरीराची राखण करणारी यंत्रणाच आपल्या घरावर उलटते, कातडी जाड आणि घट्ट होत जाते. पण हे कातडीपाशी थांबेलच असं नाही. फुफ्फुसं, आतडी, किडन्या, आतही आवळू शकतं. विशेषतः पहिली काही वर्षं किडन्यांना फार जपायचं. त्यासाठी बाईंनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. घरी रोज प्रेशर मोजायचं, आणि तुमच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा ते वर जायला लागलं तर एक दिवसही वाट न बघता यायचं. दुसरं, स्टेरॉइडच्या गोळ्या कुणीही दिल्या तरी मला विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत.

यातलं 'रोज प्रेशर मोजायचं' एवढंच लिफ्टवाल्यांच्या मनात खोल शिरलं. आपल्या यंत्राला शेवटी न्याय मिळाला असं त्यांना वाटलं. बाकीचं त्यांनी इस्पितळाच्या जिन्यावरच बहिणीला सोपं करून सांगितलं. नेहमीच्यापेक्षा वर म्हणजे नॉर्मलच्या वर. आणि नॉर्मल म्हणजे काय, हे त्यांना दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती.

वर्ष-दीड वर्ष बरं गेलं. काजबाई सावकाश झाल्या, पण काज बिघडलं नाही. बोटांतली ताकद कमी झाली तशी त्यांनी सुईचं डोकं दाबायला चामड्याची टोपी शिवून घेतली. घास लहान करून खायला लागल्या. स्वेटर दोन घालायला लागल्या. रोज संध्याकाळी काठावर पास होत राहिल्या.

मग वाद्यवृंदाची ऑर्डर आली. शहरात नवं सभागृह उघडणार होतं आणि तिथल्या सगळ्या वादकांना एकसारखे काळे कोट हवे होते. व्हायोलिनवाले, बासरीवाले, नगाऱ्यांवर बसणारे, सगळे. सगळी काजं हाताची. काळ्या कापडावर काळा दोरा म्हणजे डोळ्यांची आणि बोटांची दोघांचीही परीक्षा. मास्टरांनी कोटांचा पहिला गठ्ठा काजबाईंपुढे ठेवला आणि ते 'हं?' म्हणाले. म्हणजे जमेल का. काजबाईही 'हं' म्हणाल्या.

त्याच आठवड्यात त्यांची बोटं सकाळी मिटेनाशी झाली. सुई धरली की निसटायची. घरी त्यांनी अवाक्षर काढलं नाही, पण वन्संपासून काही लपत नसे. वन्संच्या गुडघ्यांसाठी कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून बारक्या पांढऱ्या गोळ्या मिळाल्या होत्या, आणि तेव्हापासून वन्सं जिना असा चढायच्या की जणू कुणी पाठीमागे लागलंय. त्यांनी उरलेल्या गोळ्या आणून काजबाईंच्या पुढ्यात टाकल्या.

"घे. हात चालतील. नाहीतर रडत बसशील, आणि ऐकायला मीच."

गोळीत काय आहे हे देणारीने विचारलं नव्हतं आणि घेणारीनेही विचारलं नाही. स्टेरॉइड म्हणजे काहीतरी भारी, मोठ्या सुईतून टोचायचं, असं काजबाईंच्या डोक्यात बसलेलं. ही तर एवढीशी गोळी. वन्संनी सांगितलं तशा त्या रोज घोटभर पाण्याबरोबर घ्यायला लागल्या, आणि गोळ्यांनी जादू केली. बोटं वळली. भूक लागली. काजबाईंचा हात असा चालायला लागला की मशीनवाल्यांनी माना वर करून बघावं. इस्त्रीवाला म्हणाला, सिग्नल एकदम हिरवा.

गोळ्या संपल्यावर वन्संनी कोपऱ्यावरून आणखी आणल्या, स्वतःच्या गुडघ्यांच्या नावावर.

इकडे टेबलावरच्या यंत्रातही सुधारणा दिसायला लागली. एकशे दहा. एकशे अठरा. लिफ्टवाल्यांचा आनंद पोटात मावेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांची बायको वरच्या वर्गात चालली होती. एकशे तीस झालं त्या संध्याकाळी त्यांनी रांगेतल्या शेजाऱ्यांना आकडा वाचून दाखवला आणि याचं श्रेय आपल्या 'खात जा' या उपदेशाला दिलं. वन्संही खूश होत्या, त्यांचं श्रेय त्या मनातल्या मनात घेत होत्या. एकट्या काजबाईंना जरा जड वाटत होतं. डोकं दुखायचं. त्याचं खापर त्यांनी काळ्या कापडावर फोडलं. धाप लागायची. त्याचं जिन्यावर. आणि संध्याकाळी नवरा इतक्या कौतुकाने पट्टा बांधायचा, की त्यात आपलं डोकं दुखणं मधे आणायचं त्यांच्या जिवावर यायचं.

एका सकाळी त्या उठल्या त्या कपाळ दाबतच. कामावर जायच्या आधी लिफ्टवाल्यांनी सहज म्हणून पट्टा बांधला. यंत्र गुरगुरलं, थांबलं. एकशे अठ्ठावन्न.

"घ्या," ते म्हणाले. "आलीस माझ्या मजल्यावर."

आणि संध्याकाळी येताना फुलं आणतो असं सांगून शीळ घालत गेले.

काजबाई दुकानात गेल्या. खिडकीत नेहमीचा उजेड होता, पण त्यांना वाटलं काचा पुसायला हव्यात. त्यांनी कोट उचलला, रेघ मारली, पातं चालवलं, दोरा ओवायला चार खेपा लागल्या, आणि काज विणायला बसल्या. शेजारून मास्टर टेप गळ्यात टाकून चालले होते. ते पुढे गेले आणि परत आले. वाकून बघितलं. मग त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या, एकेक करून, आणि टेबलावर ठेवल्या.

मशीनवाल्यांची मशीनं थांबली.

"बाई, हा कोट कुणाचा?"

"व्हायोलिनवाल्याचा," काजबाई म्हणाल्या.

"बाई आहे का तो?"

काजबाईंनी कोट समोर धरला. आतला माणूस त्यांना दिसेना. डावं कुठलं, उजवं कुठलं, काही लागेना. उजव्या बाजूला, जिथे फक्त बटण लागायचं, तिथे सुरेख कापलेलं, अर्धं विणलेलं काज त्यांच्याकडे बघत होतं. झोपेतही त्यांच्या हातून असं झालं नसतं.

खरं तर मास्टरांनी तोंड सोडलं असतं तर कुणी दोष दिला नसता. कापड महाग होतं, दिवस थोडे होते. पण ते काजबाईंकडे बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला आणि, ही माझी बोटं नीट दिसतायत का, असं विचारलं. काजबाई म्हणाल्या, सकाळपासून धुकं आहे मास्टर, तुमच्याकडे नाही का?

मास्टर गळ्यातल्या टेपसकट खाली उतरले आणि त्यांनी टॅक्सी थांबवली. रस्ताभर ते एकच गोष्ट बोलत होते, की काजाचं बघू, काज काय, वर खिसा लावून टाकू. कोटाच्या पुढच्या कडेला खिसा कुणी लावत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

इस्पितळात पट्टा बांधला तेव्हा आकडा दोनशेच्या उंबरठ्यावर होता. लिफ्टवाले ऑफिसच्या गणवेशातच धावत आले. वन्संना त्यांनी वाटेतच बरोबर घेतलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सकाळी घरी मोजलं होतं का.

"मोजलं ना. एकदम छान होतं. एकशे अठ्ठावन्न."

"आणि यांचं नेहमीचं किती असतं?"

"नेहमी अगदीच कमी हो. पंच्याण्णव, शंभर..."

बोलता बोलता लिफ्टवाल्यांचा आवाज एकेक मजला खाली उतरत गेला आणि तळाला जाऊन थांबला. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि किडनीच्या डॉक्टरांना बोलावलं.

ते उंच, तरुण आणि घाईत होते, पण प्रश्न सावकाश विचारायचे. रक्तात काय दिसतंय ते त्यांनी सांगितलं. किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या गेल्यात, म्हणून प्रेशर उसळलंय, आणि त्या प्रेशरने किडन्या आणखी मार खातायत. मग त्यांनी विचारलं की ठरलेल्या औषधांखेरीज दुसरी कुठली गोळी चालू होती का. काजबाई नाही म्हणाल्या. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. काजबाई छताकडे बघत पुन्हा नाही म्हणाल्या. वन्संचं नाव त्या मेल्या तरी घेणार नव्हत्या. कारण एकदा घेतलं की तो ठपका घरात कायमचा मुक्कामाला राहिला असता.

खाटेच्या पायथ्याशी वन्सं थर्मास छातीशी धरून उभ्या होत्या.

"खोटं बोलतेय ती," त्या म्हणाल्या. "मी दिल्यात. माझ्या गुडघ्याच्या. हात चालावेत म्हणून."

आणि पर्समधून त्यांनी गोळ्या काढून डॉक्टरांच्या हातात दिल्या. डॉक्टरांनी मागची बाजू वाचली आणि मान हलवली. स्टेरॉइडच होतं. ते रागावले नाहीत. या आजारात हे असं गोळीशिवायही होतं, त्यांनी सांगितलं, पण गोळीने वाट मोकळी करून दिली असणार, आणि आत्ता सांगितलंत ते फार बरं केलंत, कारण या आता एकदम तोडताही येत नाहीत, बेताबेताने सोडाव्या लागतात. वन्संना एवढंसं रागावलं असतं तरी चाललं असतं. कुणीच न रागावल्यामुळे त्या बाहेर जाऊन बाकावर बसल्या आणि तिथून जाणाऱ्या एका वॉर्डबॉयला, फरशी अशी पुसतात का, म्हणून फैलावर घेतलं.

नवी गोळी सुरू झाली, प्रेशर उतरवणारी, आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी. प्रेशर बेताने, दोन-तीन दिवसांत खाली आलं. धुकं गेलं. पण रक्ताचे रिपोर्ट मात्र आणखी बिघडले. लिफ्टवाल्यांना वाटलं गोळीच चुकीची आहे. डॉक्टरांनी समजावलं, रक्तातला आकडा थोडा चढला तरी ही गोळी सोडायची नाही, हिच्याच भरवशावर किडन्या वाचायच्या आहेत. तोवर त्यांचं काम मशीन करेल. आठवड्यातून तीनदा डायलिसिस.

"म्हणजे कायमचं?" काजबाईंनी विचारलं.

"तुमच्या किडन्या झोपल्यात," डॉक्टर म्हणाले. "जाग्या होतील का, ते मी आज सांगू शकत नाही. कुणाच्या काही महिन्यांनी होतात, कुणाच्या वर्षाने, दीड वर्षाने. कुणाच्या होतच नाहीत. आपण प्रेशर खाली ठेवायचं आणि वाट बघायची."

काजाचं काजबाईंच्या मनाने आधीच मिटवून टाकलं होतं. बोटं आता त्या कामाची राहिली नव्हती. मास्टरांनी तो व्हायोलिनवाल्याचा कोट स्वतःच्या खर्चाने पुन्हा कापला आणि बाकीची काजं बाहेरून करून घेतली. त्याबद्दल त्यांच्याकडून पुढे 'हं' सुद्धा आलं नाही. काजबाई बऱ्या झाल्या की खिडकीपाशी बसून त्यांनी दुसऱ्यांची काजं तपासावीत, असा निरोप मात्र आला. तेव्हा बोटांचं ठरलं. आता सगळा जीव अडकला होता तो पाठीतल्या त्या दोन मुठींएवढ्या गोष्टींत. त्या उठतात की नाही.

मशीनच्या खोलीत खिडकीला लागून खुर्च्यांची रांग होती. प्रत्येकाची खुर्ची ठरलेली, गप्पांचा जोडीदार ठरलेला, कुरकुर ठरलेली. काजबाईंना थंडी सोसत नसे म्हणून त्या हातमोजे, कानटोपी, दोन ब्लँकेटं असा जामानिमा करून बसायच्या, आणि शेजारच्या खुर्चीवरचे निवृत्त पोस्टमन म्हणायचे की बाई, तुमचं पार्सल कुठल्या देशाला जायचंय. चार तास रक्त नळ्यांतून फिरून यायचं. घरी पाणी मापात प्यायचं. दिवसाचं पाणी एका बाटलीत भरून ठेवलेलं, त्यातलाच चहा, त्यातलंच सूप. लघवी जवळजवळ थांबलीच होती. आधी काजबाईंना ती सोय वाटली, मग एका सकाळी बाथरूमच्या दारात उभ्या राहून त्यांना रडू आलं. आपण कशासाठी रडतोय हे बाहेर जाऊन कुणाला सांगायचं, या विचाराने लगेच हसूही आलं.

लिफ्टवाल्यांनी संध्याकाळचा दरबार बंद केला. यंत्र आता फक्त बायकोसाठी. निकाल लावणं सोडून ते आता आकड्याकडे असं बघायचे की जणू लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकलीय. एकशे चार आलं की म्हणायचे, पुन्हा मोजू. एकशे सहा आलं की डॉक्टरीणबाईंना फोन. शेवटी बाईंनीच त्यांना ऐकवलं, की दहा-वीस आकडे चढून दोनदा तसेच राहिले तर मला सांगा, माणूस जिना चढला तरी दोन-चार आकडे चढतात.

किडनी देण्यावरून बहीणभावांचं एकदा कडाक्याचं भांडण झालं. लिफ्टवाले म्हणाले मी देतो. वन्सं म्हणाल्या, तुझी स्वतःची चालत नाही धड, गोळ्यांवर उभी आहे, तू काय देतोस, माझी घ्या. लिफ्टवाले म्हणाले, तुझी घेतली तर ती रोज तिला आतून टोमणे मारेल. काजबाई भाजी निवडत ऐकत होत्या. डॉक्टरांनी दोघांनाही गप्प केलं. तिच्याच किडन्या परत येण्याची शक्यता आहे तोवर दुसऱ्या कुणाची लावायची घाई नाही. वाट बघा म्हणजे वाट बघा.

वाट बघता बघता थंडी गेली, उन्हाळा गेला, पुन्हा थंडी आली.

पुढे काय झालं ते सांगून टाकायला हरकत नाही. डॉक्टरांनी सगळं रीतसर मोजलं, दिवसभराची लघवी एका डब्यात गोळा करायला लावून. डायलिसिसच्या तीन वारांचे दोन झाले, दोनाचा एक, आणि मग एके दिवशी त्यांनी, पुढच्या आठवड्यात येऊ नका, बघू काय होतं, असं म्हटलं. बघितलं. काही झालं नाही. किडन्या पूर्वीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने चालत होत्या, पण स्वतःच्या पायावर. गोळी कायमची, जपणं कायमचं, आणि पोस्टमनसाहेबांच्या शेजारची खुर्ची दुसऱ्या कुणाला गेली. पण हे सगळं नंतरचं. ज्या दुपारी सुरुवात झाली त्या दुपारी यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या दुपारी डायलिसिस आटोपून तिघं बसने घरी निघाली होती. बस गर्दीच्या रस्त्याने रखडत चालली होती. वन्सं एका बाजूला, लिफ्टवाले दुसऱ्या, मधे ब्लँकेटांसकट काजबाई. त्या एकाएकी ताठ बसल्या.

"अहो. उतरा."

"इथे? आपला स्टॉप अजून लांब आहे."

"उतरा म्हणते ना. मला जायचंय."

"कुठे?"

काजबाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. लिफ्टवाल्यांना उमगायला एक क्षण गेला, पण वन्सं तोवर घंटी वाजवून दाराशी पोचल्या होत्या आणि ड्रायव्हरला मधेच गाडी उभी करायला लावत होत्या.

ती तिघं उतरली तिथे आसपास हॉटेल नाही, पेट्रोल पंप नाही. समोर एकच दुकान होतं, काचेचं, चकचकीत, न्हाणीघरातल्या सामानाचं. आत शिरली तर जिकडेतिकडे पांढरेशुभ्र कमोड, भिंतीवर टांगलेले, जमिनीवर मांडलेले, दिव्यांच्या झोतात बसवलेले. पाणी एकालाही नाही. टाय लावलेला विक्रेता हसत पुढे आला आणि कुठल्या रेंजमध्ये बघायचाय असं विचारू लागला.

"चालू आहे असा एक दाखवा," वन्सं म्हणाल्या. "लगेच."

विक्रेता म्हणाला, हे सगळे डिस्प्लेचे आहेत. वन्सं म्हणाल्या, मग तुम्ही स्वतः कुठे जाता? त्याने गोंधळून मागच्या दाराकडे बोट केलं, आणि ते फक्त स्टाफसाठी आहे हे तो सांगेपर्यंत काजबाई कानटोपीसकट त्या दारातून आत गेल्या होत्या. लिफ्टवाले ब्लँकेटं सांभाळत एका कमोडच्या झाकणावर बसले. उठा म्हणायचा विक्रेत्याला धीर झाला नाही, कारण त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वन्सं दाराला कान लावून उभ्या होत्या.

काजबाई बाहेर आल्या. चेहऱ्यावर काही दिसणं कठीणच, ती कातडी काही सांगू देत नसे. पण डोळे सांगत होते.

"झाली?" लिफ्टवाल्यांनी विचारलं.

"झाली."

"चांगली?"

"अहो, लोक आहेत," काजबाई म्हणाल्या, आणि मग हळूच, "चांगली."

वन्संनी नाक पुसलं आणि एवढ्यासाठी अख्खी बस थांबवली हिने, असं त्या विक्रेत्याला सांगितलं. विक्रेत्याने तिघांनाही पाण्याचे ग्लास आणून दिले. काजबाईंनी आपला ग्लास डोळ्यांनी मोजला, अर्धा प्यायल्या आणि अर्धा ठेवला. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आता काही करायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं होतं.

तिघं जवळच्या स्टॉपवर येऊन उभी राहिली. ऊन होतं. लिफ्टवाल्यांनी ब्लँकेटांची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. लांबून बस येताना दिसली तसा त्यांनी हात वर केला, आणि काजबाईंनी तो खाली ओढला.

"अहो," त्या म्हणाल्या, "परत."

बस समोरून निघून गेली. समोरच्या दुकानातल्या विक्रेत्याने, ती तिघं रस्ता ओलांडायच्या आधीच, दार उघडून धरलं होतं.